गावरान टोमॅटो: दावा आणि दाखला



या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्यावर, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर, गोदावरीच्या पाण्यावर व्याख्यानं झाली. त्या मांदियाळीत मी टोमॅटो घेऊन उभा आहे. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी "नक्की टोमॅटोच ना?" असं दोनदा विचारून घेतलं. त्यांची शंका रास्त होती. ज्वारी, तूर, कापूस यांवर मराठवाड्यात कोणीही तासभर बोलेल. टोमॅटोची आठवण मात्र आपल्याला भाव शंभरावर गेला की होते, नाहीतर माल रस्त्यावर ओतला गेला की होते. आज भाव बाजूला ठेवू. बाजारात रोज केला जाणारा एक दावा आणि तो तपासायची रीत, एवढाच माझा विषय आहे.

लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर, कुठल्याही आठवडी बाजारात जा. एका कडेला क्रेटमधले गुळगुळीत, एका मापाचे, कडक सालीचे टोमॅटो असतात. दुसऱ्या कडेला एखादी म्हातारी टोपली घेऊन बसलेली असते. तिचे टोमॅटो लहान, चपटे, खोबणी पडलेले, खांद्याशी हिरवट. "गावरान हायेत, घ्या. आमटीला दोनच बास होत्यात." आपण घेतो, दोन पैसे जास्त देऊन घेतो, आणि आमटी खरंच आंबटगोड होते. पण ते गावरान आहेत हे तिला कशावरून कळलं? आणि आपण ते कशावरून मानलं? लहान आहे, वाकडा आहे, आंबट आहे, म्हणून?

जनावरांच्या बाबतीत आपण इतके भोळे नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कोणीही उठून कुठल्याही तांबड्या बैलाला लाल कंधारी म्हणून दाखवावं, लोक हसतील. तिथे कान बघतात, शिंगांची ठेवण बघतात, पोळी बघतात, रंगाची झाक बघतात. देवणीत तर रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन प्रकार माणसं लांबून ओळखतात. ज्वारीचंही तसंच. दगडी वेगळी, मालदांडी वेगळी, हुरड्याची गूळभेंडी वेगळी, आणि त्यांत गल्लत करणाऱ्याला घरातली म्हातारी माणसं सुनावतात. टोमॅटोपाशी आल्यावर हा सगळा चोखंदळपणा कुठे जातो? तिथे दोनच जाती उरतात, हायब्रीड आणि गावरान.

याचं कारण इतिहासात आहे. टोमॅटो दक्षिण अमेरिकेचा. त्याचे रानटी नातेवाईक पेरू आणि इक्वेडोरच्या बाजूला वाढतात, मोठ्या फळाचा टोमॅटो मेक्सिकोत घडला, आणि समुद्र ओलांडलेल्या युरोपीय लोकांमार्फत तो आपल्याकडे पोचला. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात आंबटपणाची गादी आधीच भरलेली होती. चिंच होती, अंबाडी होती, कैरी होती. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच आज भौगोलिक मानांकनापर्यंत गेली ती उगीच नव्हे. त्या पंगतीत टोमॅटो उशिरा येऊन बसला. ज्वारीला पिढ्यान्‌पिढ्या बारशी झाली, टोमॅटोला तेवढा वेळच मिळाला नाही. म्हणून "आमच्या भागातला शेकडो वर्षांचा पारंपरिक टोमॅटो" असं कोणी म्हणालं की मी आधी थोडा सावध होतो. आपली ही परंपरा तीन-चार पिढ्यांची असेल. तेवढीही कमी नाही. अमेरिकेत ज्याला वारसावाण म्हणतात त्याची एक रूढ व्याख्या १९४५ पूर्वीची जात अशी आहे. काही जण पन्नास वर्षं पुरेशी मानतात. त्या मापाने आपल्या आजीच्या परसातलं झाड बसू शकतं. फक्त ते बसतं हे दाखवावं लागेल.

मग ती टोपलीतली फळं असतात तरी कोण?

एक शक्यता अशी की ती दिल्लीची आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पुसा रुबी' नावाची जात काढली. अमेरिकेतली 'सू' ही जात आणि आपल्याकडची 'इम्प्रूव्हड मिरुती' यांच्या संकरातून ती निवडली. तिचं फळ चपटं गोल, मध्यम, किंचित खोबणीचं आणि चवीला आंबटसर. ती सरळ वाणाची, म्हणजे बी धरलं तर तसंच झाड येतं. देशभर तिचं बी गेलं, ग्रामसेवकांनी वाटलं, परसात पडलं, आणि पुढे नाव गळून फळ तेवढं राहिलं. ज्याला आज आपण गावरान म्हणतो त्यातला मोठा भाग पुसा रुबीचा आणि तिच्या नातलगांचा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतर राहुरीच्या विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री आल्या, आपल्या परभणीची परभणी यशश्री आली. त्यांचंही बी घराघरांत मुरलं असेल. यात कमीपणा काही नाही. मला तर गंमत वाटते ती 'मिरुती'ची. ती मेरठकडची जुनी जात. म्हणजे पुसा रुबीच्या अंगात अर्धं रक्त देशीच आहे.

दुसरी शक्यता उकिरड्याची. लग्नाच्या पंगतीनंतर, खानावळीच्या मागे, नालीच्या कडेला टोमॅटो आपोआप उगवतात. ती क्रेटमधल्या संकरित टोमॅटोची पोरं. संकरित फळातलं बी पेरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात: एखादं झाड उंच, एखादं बुटकं, एखाद्याचं फळ लिंबाएवढं. त्यातलं लहान आणि आंबट फळ कोणीतरी परसात लावतं आणि दहा वर्षांनी ते गावरान ठरतं. तिसरी शक्यता बोराएवढ्या चेरी टोमॅटोची. तो अर्धरानटी आहे, कुठेही तगतो आणि खरोखर जुना असू शकतो. चौथी, आणि सर्वांत मोलाची, म्हणजे संकरित बियाणं येण्याआधीपासून कोणत्या तरी घराने राखलेली खरीखुरी जुनी जात. आपल्याला शोधायची आहे ती ही चौथी.

शोधताना पहिला आधार माणसाच्या आठवणीचा. इथे मराठवाड्याचं एक भाग्य म्हणावं, अर्थात कडू भाग्य. आपल्याकडे काळ मोजायला मोठे खांब रोवलेले आहेत: रझाकारांचा काळ, बहात्तरचा दुष्काळ, त्र्याण्णवचा भूकंप. म्हातारीला "कोणत्या साली?" असं विचारू नका, ती अंदाजे काहीतरी सांगेल. "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी हे झाड तुमच्याकडं होतं का? खडी फोडायला जात होता तेव्हा?" असं विचारा. उत्तर पक्कं येतं. आणि बहात्तर हा खांब टोमॅटोसाठी फारच नेमका आहे. भारतात व्यापारी पातळीवर संकरित टोमॅटो आला तो १९७३ मध्ये, बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्सच्या 'कर्नाटक' या वाणाने. खासगी आणि परदेशी बियाण्याला मोकळी वाट मिळाली ती १९८८ च्या बियाणे धोरणानंतर. तेव्हा ज्या घरात ते बी बहात्तरच्या आधीपासून अखंड चालत आलं आहे, ते बाजारच्या हायब्रीडचं पोर असू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचा खांब तेवढा पक्का नाही, पण तोही उपयोगी पडतो.

'अखंड' या अटीवर मात्र जोर द्यायला हवा. टोमॅटोचं बी कोरडं, थंड राहिलं तर चार-पाच वर्षं, कधी त्याहून जास्तही टिकतं. आपल्या पत्र्याच्या घरात, एप्रिलच्या धगीत, एवढी खात्री देता येत नाही. लागोपाठ दोन-तीन वर्षं आड कोरडी पडली की परसातलं झाड पहिलं जातं, कारण हंड्यातलं पाणी आधी माणसाला, मग जनावराला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजावं लागलं. त्या वर्षी कोणाच्या परसातला टोमॅटो जगला असेल? जगला असेल तर त्याला पाणी कोणी घातलं? "मध्ये एकदा बी संपलं होतं, मग बहिणीकडून आणलं" असं उत्तर आलं तर बहिणीचं घर गाठायचं. नाव, गाव, साल लिहून घ्यायचं. वाणाच्या वंशावळीत सासर-माहेर फार येतं, आणि ती वंशावळ बायकांच्या तोंडी असते. सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला ती बहुधा माहीत नसते.

बोलण्यावर किती विसंबायचं? अमेरिकेतलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९९० मध्ये टेनेसी राज्यातल्या एका गृहस्थांनी क्रेग लेहूलिये या हौशी बीजसंग्राहकाला टपालाने एक पुडी पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत होतं की हा जांभळा टोमॅटो शंभरेक वर्षांपूर्वी चेरोकी आदिवासींकडून आला. लेहूलिये यांनी तो लावला, बी वाटलं आणि 'चेरोकी पर्पल' असं नाव दिलं. आज तो जगभर लावला जातो. चेरोकींची गोष्ट कागदोपत्री सिद्ध झालेली नाही. पण झाडाचा स्वभाव कोणालाही तपासता येतो: फळ पिकताना आतला हिरवा रंग पूर्ण जात नाही, लाल चढतो आणि दोन्ही मिसळून मातकट जांभळी छटा येते. हा ठरावीक जनुकीय बदलाचा परिणाम आहे आणि तो पिढी दर पिढी टिकतो. कहाणीला चिठ्ठीचा आधार, वाणाला झाडाचा. आपल्यालाही हे दोन कागद वेगळे ठेवावे लागतील.

आता झाडाकडे वळू. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण आपले लोक फळ बघून निकाल देतात आणि झाड बघतच नाहीत.

वाढीपासून सुरुवात करा. झाड ठरावीक उंचीवर थांबून शेंड्याला फुलोरा देतं, की पाणी मिळेल तोवर वेलासारखं चढत राहतं? थांबणारी, झुडपी वाढ ज्या बदलामुळे होते तो १९१४ मध्ये फ्लोरिडात एका शेतात आढळला. जगातल्या बुटक्या व्यापारी जातींत तोच पसरवला गेला. म्हणजे परसातलं झाड झुडपी असेल तर त्याच्या घराण्यात सुधारित जात आहेच. मग पान बघा. बहुतेक टोमॅटोचं पान कातरलेलं असतं, काही जुन्या जातींचं बटाट्यासारखं सरळ कडेचं. रोपाचं खोड जांभळट आहे की निव्वळ हिरवं, हे रोप बोटभर असतानाच पाहून ठेवावं.

फुलात कुक्षी कुठे आहे ते भिंगाने बघा. आधुनिक जातींत ती परागकोशांच्या पिवळ्या शंकूच्या आत दडलेली असते, म्हणून फूल स्वतःचंच परागण करतं. काही जुन्या आणि चेरी जातींत ती बाहेर डोकावते, आणि मग भुंगे, निळ्या पट्ट्यांच्या माश्या दुसऱ्या झाडाचा पराग तिथे नेऊन ठेवतात. या माश्या फुलाला लटकून पंखांच्या स्नायूंचा गुंजारव करतात आणि पराग झडतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. बाहेर डोकावणारी कुक्षी जुनेपणाचं चिन्ह असू शकते. बी राखणाऱ्याला मात्र ती डोकेदुखी आहे.

फळाच्या देठावर मध्यभागी एक गाठ असते. पिकलेलं फळ तोडताना देठ तिथेच मोडतो. प्रक्रियेसाठी काढलेल्या काही जातींत ही गाठच नसते. तो गुण चार्ल्स रिक या शास्त्रज्ञाने गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोतून आणला. (त्या बेटांवरच्या टोमॅटोचं बी महाकाय कासवाच्या पोटातून गेलं की चांगलं उगवतं, हेही त्यांनीच दाखवलं. ते विषयाला धरून नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) गाठ नसलेलं झाड तुमच्या आजीचं नाही, एवढं धरून चाला.

फळाचं म्हणाल तर खांदा बघा. कच्च्या फळाचा देठाकडचा भाग गडद हिरवा असतो का? गेल्या शतकात पैदासकारांनी सगळं फळ एकसारखं फिकट हिरवं राहील अशी झाडं निवडली, कारण ती एकसारखी लाल होतात आणि व्यापाऱ्याला तोडणीची वेळ कळते. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निघालेल्या संशोधनाने दाखवलं की या निवडीत जे जनुक निकामी झालं तेच फळातलं हरितद्रव्य वाढवत होतं आणि त्यातून फळाला साखर मिळत होती. ज्या हिरव्या खांद्याला आडतीवर नावं ठेवतात, तो गोडीचा कारखाना होता. त्यानंतर फळ आडवं कापून कप्पे मोजा. खोबणीच्या जुन्या फळात कप्पे बरेच आणि वेडेवाकडे असतात. १८७० मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर लिव्हिंगस्टन यांनी 'पॅरागॉन' ही गुळगुळीत जात काढली आणि तिथून गुळगुळीतपणा हा बाजाराचा धर्म झाला. शेवटी साल सोलून उजेडात धरा. पिवळी दिसली तर फळ लाल दिसणार, बिनरंगी दिसली तर गुलाबी. हा फरक एका जनुकाचा आहे आणि तो घरी, चुलीजवळ बसून तपासता येतो.

यातलं प्रत्येक चिन्ह दावा खोडू शकतं, सिद्ध करू शकत नाही. खांदा हिरवा आहे, कप्पे आठ आहेत, गाठ आहे, वाढ वेलासारखी आहे, तरी ते उकिरड्यावरचं पोर असू शकतं. म्हणून खरी परीक्षा लावणीची. एका झाडाच्या एका फळाचं बी घ्या आणि त्याची निदान २४ झाडं लावा. चोवीसच का? झाड संकरित असेल आणि एखादा गुण दडलेला असेल, तर तो पुढच्या पिढीत चारात एका झाडात उघडा पडतो. बारा झाडं लावली आणि तो एकातही दिसला नाही, अशी शक्यता शंभरात तीन. चोवीस झाडांत तीच शक्यता हजारात एक. चोवीसच्या चोवीस सारखी निघाली तर वाण पक्का. एखादं बुटकं, एखादं लांबट फळाचं निघालं तर दावा गेला. आणि एखाद्या झाडाची फळं मोठी होऊन पिवळट राहिली, लाल होतच नाहीत, असं दिसलं तर समजा की आजोबा टिकाऊ मालाचे हायब्रीड होते. काही टिकाऊ वाणांत पिकणं लांबवणारं जे जनुक घातलेलं असतं ते दुप्पट झालं की फळ पिकायचंच विसरतं.

इथे हिशोब थोडा वाकडा होतो, आणि तो लपवून उपयोग नाही. टोमॅटो स्वतःचं परागण करतो. दर पिढीला मिश्रपणा निम्मा होतो: निम्मा, पाव, दोन आणे, एक आणा. सहा पिढ्यांनी तो दोन टक्क्यांच्याही आत येतो. म्हणजे २०१० साली उकिरड्यावर उगवलेलं हायब्रीडचं पोर आज चोवीसच्या चोवीस सारखी झाडं देऊ शकतं. पक्कं असणं म्हणजे जुनं असणं नव्हे. म्हणूनच आठवणीचा दाखला आणि झाडाचा दाखला दोन्ही लागतात. तरीही शंका उरली तर पान प्रयोगशाळेत पाठवता येतं. पर्णगुच्छ रोगाला दाद न देणारी 'टाय' नावाची जनुकं रानटी नातेवाइकांतून आधुनिक वाणांत आणली गेली आहेत. ती सापडली तर घराणं नवं. मला विचाराल तर तपासणीत नवं ठरलेलं पण गावात चांगलं तगलेलं झाडही राखावं. त्याला जुनं म्हणून विकू नये, एवढंच.

लावणीचं सांगतो. लातूर-नांदेडला अशा झाडांची परीक्षा घ्यायची ती रब्बीत. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्री उबदार राहू लागल्या की फूल गळतं. मार्चनंतर जुन्या वाणाला दोष देण्यात अर्थ नाही. खरिपात आपली काळी जमीन पाणी धरते आणि मुळं गुदमरतात, वर करपा असतोच. सप्टेंबरात गादीवाफ्यावर बी टाका आणि वर बारीक जाळी लावा, कारण जुन्या वाणाला पांढऱ्या माशीने आणलेल्या पर्णगुच्छाविरुद्ध कोणतंही कवच नाही. रोपावस्थेत रोग लागला तर फळ बघायला मिळत नाही आणि वाणाची ओळख तिथेच संपते. साधारण चार आठवड्यांनी रोपं सरी-वरंब्यावर, वरंब्याच्या बगलेला लावा. वेलासारख्या झाडाला बांबू आणि तारेचा आधार लागतो. तो न देता जमिनीवर लोळू दिलं आणि फळं सडली की लोक म्हणतात गावरान टिकत नाही. कडेला झेंडू लावा, फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग त्यावर अंडी घालतात. पण झेंडूची रोपं टोमॅटोच्या रोपांपेक्षा दोनेक आठवडे वयाने मोठी हवीत, नाहीतर झेंडू फुलेपर्यंत अळीने टोमॅटो गाठलेला असतो. २०१४ मध्ये पुण्याकडे पहिल्यांदा सापडलेली टुटा ही नागअळी आता ओळखीची झाली आहे, तिच्यासाठी कामगंध सापळे ठेवा. आणि ज्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असते त्यांनी झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो. हे सांगितलं की सभेत चुळबुळ होते, आत्ताही झाली.

बी धरताना पहिल्या वर्षी झाडाखाली गळालेल्या फळाचं धरू नका. फूल उमलण्याआधी दोन-तीन घोसांना जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याची पिशवी बांधा, रोज सकाळी टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा बांधा. बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमांत सरळ वाणाच्या टोमॅटोला पायाभूत बियाण्यासाठी ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी २५ मीटर अंतर सांगितलं आहे. परसात एवढी जागा कुठली? म्हणून पिशवी. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर भांड्यात काढून एक-दोन दिवस आंबू द्या. आपल्या उन्हाळ्यात एक दिवसही पुरतो. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, जड बी तळाला बसतं. धुऊन सावलीत वाळवा. एकाच झाडाचं बी ठेवू नका, आठ-दहा चांगल्या झाडांचं मिसळा. एक ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बी बसतं, तेव्हा चिमूटभर पुडीत आख्ख्या गल्लीचा हंगाम असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपलं बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकरी वाण म्हणून नोंदही करता येते, पण तिथे वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता विचारतात. मी आत्तापर्यंत सांगितलेली चिन्हं बहुतेक त्याच तक्त्यात येतात. भौगोलिक मानांकन वेगळं. २०२४ मध्ये लातूरच्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला ते मिळालं. कोथिंबिरीला मिळतं तर टोमॅटोला का नाही, असा प्रश्न मला विचारला जातो. मिळेल, पण त्या कोथिंबिरीला गावाचं नाव आहे, वासाची ख्याती आहे, सांगणारे शेतकरी आहेत. आपल्या टोमॅटोला अजून नावही नाही. अर्ज भरण्याची घाई करण्याआधी चोवीस झाडं लावावीत.

हे काम कोण करील? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बाएफ या संस्थेच्या साथीने देशी वाणांची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्रीत त्यांचं नाव होतं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण कोणतं बी कोणत्या वेलाचं यात त्यांची गल्लत होत नाही. आपल्याकडेही पाया आहे. भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने बायकांना संघटित केलं. पुढे दुष्काळात एक एकर मॉडेल आलं: घरच्या जमिनीतला एक एकर बाईच्या हाती, त्यात खाण्याची पिकं, भाजीपाला, घरचं बी. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. त्या एका एकरात चोवीस टोमॅटो सहज मावतात. माझा भरवसा अशा एकरांवर जास्त आहे. जनुक पेढीच्या शीतगृहातलं बी सुरक्षित राहतं हे खरं, पण तिथे त्याला आपल्या काळ्या मातीची आणि आपल्या पांढऱ्या माशीची सवय राहत नाही.

बाजाराबद्दल भाबडी आशा ठेवू नये. पातळ सालीचं, खोबणीचं फळ नांदेडहून हैदराबादपर्यंत क्रेटमध्ये जाणार नाही. ते आठवडी बाजाराच्या टोपलीसाठीच आहे. त्याला गावातच गिऱ्हाईक मिळालं तर ते जगेल.

तेव्हा विनंती एवढीच. ज्यांच्या घरात बहात्तरच्या आधीचं बी आहे असं घरची वडील माणसं सांगतात, त्यांनी येत्या सप्टेंबरात ते गादीवाफ्यावर टाकावं, एका फळाची चोवीस झाडं लावावीत, आणि वहीत तारीख, पान, फूल, देठ, खांदा, कप्पे, साल लिहून ठेवावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी बाजारातल्या त्या म्हातारीला बी कुठून आणलं ते विचारावं आणि तिचं उत्तर तिच्या नावानिशी लिहून घ्यावं. आणि यापुढे बियाची पुडी देताना तिच्यात चिठ्ठी घाला: कोणाकडून आलं, कोणत्या गावचं, कोणत्या साली धरलं. चिठ्ठी नसलेली पुडी मिळाली तर ती गावरान म्हणून पुढे देऊ नका.